एका पायाचा मोर

१७ जानेवारी

उद्याच्या समारंभाची बातमी आजच पाठवून मोकळा झालो. निमंत्रणपत्रिका आणि आयोजकांचे पत्रक समोर असले की तालुक्यातली कोणतीही बातमी बसल्या जागी होते. पाहुणे कोण ते पत्रिकेत असते. ते काय म्हणाले ते त्यांच्या पदावरून ठरते. वडिलांच्या पाठशाळेत मी न्यायशास्त्रातली प्रमाणे घोकली होती. सर्व प्रमाणांत प्रत्यक्ष श्रेष्ठ, असे वडील सांगत. त्यांना एका दिवसात चार गावांच्या बातम्या द्याव्या लागत नव्हत्या.

नाशिक-पुणे रस्त्यापासून आत, बंद पडलेल्या खडीच्या खाणीच्या काठावर पुण्याच्या एका न्यासाने समकालीन कलेचे संग्रहालय उभारले आहे. बांधकाम चालू असताना येता-जाता पाहत होतो. काँक्रीटचे एक लांबच लांब खोके. रस्त्याच्या बाजूने एकही खिडकी नाही. निम्मे माळावर टेकलेले, निम्मे खाणीवर अधांतरी, खाली खांब नाही. संगमनेरात त्याला 'रिव्हर्समधला कंटेनर' म्हणतात, आणि ड्रायव्हरला कोणीतरी आवाज द्यायला हवा, असेही म्हणतात.

पत्रकात प्रदर्शित वस्तूंमध्ये 'तमाशाचा रंगीत पडदा, चित्रकार अज्ञात' असे होते. मी 'दिवंगत अज्ञात लोककलावंताने रंगवलेला' असे केले. लोककलावंत आहे, त्यातून अज्ञात आहे, म्हणजे दिवंगत असणारच. शिवाय त्या शब्दाने वाक्याला वजन येते.

उद्या मी दूध संस्थेच्या सभेला जाणार. तिथे जेवण चांगले असते.

१९ जानेवारी

सकाळी चहा घेत होतो. दारात लंकामावशी उभ्या. वाल्मिकअण्णा पेंटरांच्या मंडळी. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. हातात आजचा पेपर, तोही बातमी वर येईल असा घडी घातलेला.

"शास्त्री, माझं कुंकू कवा पुसलंत ते तरी सांगा. सकाळधरनं लावूनच फिरतीय मी."

मला काही कळेना. त्यांनी बातमीतल्या फोटोवर बोट ठेवले. राजवाडा, पायऱ्या, वर चंद्र आणि कठड्यावर मोर.

"त्यो मोर बघा. किती पाय हायेत?"

एकच होता.

"ह्यांचाच पडदा हाय त्यो. एक पाय काढायचा राहिला म्हणून अख्खी गल्ली ह्यांना चिडवत हुती. आन् तुमी लिवता दिवंगत. पोरीचा सासरहून रडत फोन आला."

जया आतून बाहेर आली, तिने पेपर वाचला आणि माझ्याकडे पाहिले. बावीस वर्षे बातमीदाराच्या घरात काढलेल्या बाईला प्रश्न विचारावे लागत नाहीत. तिने मावशींना चहा दिला. मला दुसरा कप मिळाला नाही.

२० जानेवारी

वाल्मिकअण्णा ओट्यावर ऊन खात बसले होते. मला पाहून हात जोडले.

"या शास्त्री. दहाव्याला आलास का तेराव्याला?"

मी माफी मागितली. ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. थंडी फार आहे यंदा.

मग सांगत बसले. तालुक्यातल्या एका मोठ्या फडासाठी त्यांनी पडदे रंगवले. एका जिनिंगच्या बंद गोडाऊनमध्ये जमिनीवर कापड पसरायचे, त्याला खळ द्यायची, आणि अनवाणी त्याच्यावर चालत, वाकून रंगवायचे. वाळला न वाळला की फडाची माणसे गुंडाळून ट्रकवर टाकत. पडद्यावर नाव फडमालकाचे, हातभर उंचीच्या अक्षरांत. पेंटरने स्वतःचे नाव घालायची रीतच नव्हती.

"दुसऱ्याची नावं लिवून लिवून हात सरावला बघ. माझं नाव लिवायला बसलो तर ऱ्हस्व-दीर्घ इचारावं लागंल तुला."

"तमाशात बघितला असेल ना उभा केलेला?"

"न्हाई ना. हिनं नव्या संसारातच शपथ घातली हुती, तमाशाच्या कनातीत पाय टाकला तर माझं मेलेलं तोंड बघाल. पाळली. पडदा मी आडवाच बघितला, तो बी तुकड्या-तुकड्यानं. चंद्र रंगवताना पायऱ्या दिसत न्हाईत आन् पायऱ्यांवर आलं की चंद्र पाठीमागं." खोकत खोकत म्हणाले, "उभा कसा दिसतो रं? तू बघितला असशील."

मी बघितला नव्हता. फोटोत चांगला दिसतो, म्हणालो.

'आपण रंगवलेला पडदा वाल्मिक पेंटर यांनी कधीच उभा पाहिला नाही.' वाक्य चांगले आहे. टिपून ठेवले.

"मग कधी नेतोस बघायला?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "अण्णा, अज्ञात म्हणून तुम्हाला तिथे नेऊ? आधी तिथे तुमचे नाव लावतो. मग थाटात जाऊ, गळ्यात हार घालून."

"हार नगं. दिवंगत माणसाला हार घातला की लोकं पाया पडत्यात," म्हणाले. पण खूश झाले असावेत.

२८ जानेवारी

दुरुस्ती छापा म्हणून डेस्कवरच्या हर्षलच्या मागे लागलो आहे. हा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा, नगरला एसीत बसतो आणि मला 'सर' म्हणून कापतो.

"सर, माणूस वारला ही बातमी असते. जिवंत आहे ही कशी बातमी करायची?"

"माझ्यामुळे वारला होता, म्हणून."

"आणि पडदा त्यांचाच, याला पुरावा? उद्या आणखी दोघे उभे राहिले तर?"

मुद्दा चुकीचा नाही, हे त्यातले वाईट.

५ फेब्रुवारी

अखेर संग्रहालयात गेलो. बुधवार होता.

दार शोधावे लागते. दोन भिंतींमध्ये एक फट आहे, तिच्यातून आत शिरायचे. मग एक उतार, अंधारा, हळूहळू वळत जाणारा. खाणीत उतरतो आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात आपण खाणीच्या वर वर जात असतो. भिंतींच्या काँक्रीटवर लाकडी फळ्यांचे ठसे तसेच ठेवले आहेत. उजेड फक्त छतातल्या एका लांब चिरेतून. दुपारी तो भिंतीवरून पाण्यासारखा उतरत होता. खोके म्हणून चेष्टा केली खरी, पण आत मी नकळत आवाज खाली आणला. समोरून येणाऱ्या एका कुटुंबाने चपला हातात घेतल्या होत्या.

एका दालनात दुधाचे कॅन उलटे टांगले आहेत. संगमनेरात दुधाचा कॅन उलटा पाहून कोणीही आधी जमिनीकडे पाहील, सांडले का म्हणून. कलावंताचा हेतू तोच असेल तर साधला आहे. दुसऱ्या खोलीत काहीच नाही, फक्त खडी फोडण्याच्या मशीनचा आवाज. बाहेर तो आवाज फुकट ऐकला तेव्हा कोणाला कौतुक नव्हते.

आणि अगदी टोकाला, जिथे खालची जमीन संपलेली आहे आणि समोर पूर्ण काचेची भिंत, तिथे पडदा. वरपासून खालपर्यंत एकटा. फडमालकाचे नाव ठळक. मागे काचेतून खाण आणि आकाश. मी बराच वेळ उभा राहिलो. फोटोत चांगला दिसतो असे मी म्हणालो होतो. फोटोत काही दिसत नाही.

बाजूला पाटी: 'अज्ञात चित्रकार (दिवंगत)'.

संग्रहाचे काम मारिया साळवे नावाची तरुण मुलगी पाहते. कोल्हारची. मला वाटले होते इंग्रजीतून बोलेल. तिने खुर्ची दिली आणि म्हणाली, "सर, तुमचीच बातमी लावलीय आम्ही फाईलला. आमच्याकडं नुसतं अज्ञात होतं. दिवंगत तुमच्यावरून घेतलं."

"अहो, आणि मी अज्ञात तुमच्यावरून घेतले."

याला तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात. दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडणे. सोळाव्या वर्षी या दोषाची व्याख्या मी न अडखळता म्हणत असे आणि वडील मान डोलावत.

मारिया म्हणाली, पाटी बदलायची तर पुण्याच्या समितीला छापील आधार लागतो, शिवाय फडातल्या कोणाची तरी साक्ष. मग म्हणाली, "पण सर, पाटीचं होईल तेव्हा होईल. त्यांना घेऊन या ना. मी स्वतः फिरवीन. व्हीलचेअर पण आहे."

चांगली मुलगी आहे. पण तिच्या लक्षात येत नाही. ज्या घराच्या दारावर आपण मेलो असे लिहिले आहे, तिथे माणसाने पाहुणा म्हणून का जावे?

१६ फेब्रुवारी

राजूरला गेलो. फडात ढोलकी वाजवणारे फक्रुद्दीनचाचा तिथे लेकीकडे असतात. सगळे दात गेले आहेत, बोटे शाबूत. बोलताना सतरंजीवर ठेका धरतात.

"वाल्मिक? जित्ता हाय? पेपरात तर..."

मी त्यांना पुढे बोलू दिले नाही. मोराचा विषय काढला.

"त्यो पाय आमच्यामुळं राहिला. गाडी सुटायची हुती, मालक वरडत हुता. वाल्मिक म्हणला, पाच मिनिटं द्या. आमी म्हणलो, बघणारे मोराकडं बघत न्हाईत, बाईकडं बघत्यात. आन् गुंडाळला. माझ्याच हातानं गुंडाळला. वला रंग लागला हुता बंडीला."

मोबाईलवर सगळे चित्रित केले. निघताना त्यांनी हात धरला. "त्याला दावला का पडदा?"

"नाव लागले की नेणार आहे."

"हां, हां," म्हणाले आणि सतरंजीवरचा ठेका थांबला. म्हातारी माणसे मध्येच दमतात.

२१ फेब्रुवारी

दुरुस्ती आली. पान सहा, खाली, बोअरवेलच्या जाहिरातीला खेटून. तरी आली. कात्रण घेऊन अण्णांकडे गेलो. घरात कॉटवर बसले होते, पाठीला दोन उशा.

"हितं काय लिवलंय ते वाचून दाव."

मी वाचले.

"म्हणजे आता सरकारी जित्ता झालो." मग म्हणाले, "ते बुधवारी फुकट असतंय म्हणं. रुपालीच्या मोबाईलवर दिसलं."

रुपाली म्हणजे त्यांची मुलगी. चार दिवस माहेरी आली आहे.

"अण्णा, थोडे थांबा. साक्ष पाठवली आहे. आता फक्त समितीची बैठक."

"बैठक," अण्णा म्हणाले. लंकामावशींकडे पाहिले. त्या खाली बसून लसूण सोलत होत्या. "हिला बी न्यायचं हाय. आता तिची शपथ सुटली. तिथं तमाशा न्हाई, नुसता पडदा हाय. व्हय ना गं?"

"जावा की. मी काय तुमचं पाय धरून ठिवलेत?" मावशी म्हणाल्या. मग मान वर न करता, "मी बी यीन."

"गेलो की त्या मोराचा दुसरा पाय बी काढून देतो. रंगाची डबी खिशातच घिऊन जाऊ."

मी म्हटले, मारियाला चक्कर येईल.

निघालो तर रुपाली फाटकापर्यंत आली. म्हणाली, "काका, डॉक्टर म्हणतात जास्त हिंडू-फिरू नका. पण त्यांचं सारखं तेच चाललंय, बुधवार कधी, बुधवार कधी. तुमच्या स्कूटरवर न्हाई, आमी रिक्षा करतो. तुमी बरोबर असलात म्हणजे झालं."

मी तिला सांगितले की नाव लागू दे, मी स्वतः गाडी करून नेतो, फोटोग्राफरसह. तिने 'बरं' म्हटले.

४ मार्च

मारियाचा फोन. समितीची बैठक महिनाअखेरीस. नाव लागेल, असे तिचे मत. पुन्हा म्हणाली, "सर, आणताय ना त्यांना?" आणतो म्हणालो. समारंभपूर्वक.

रात्रीचे जेवण लवकर झाले, म्हणून बातमी तयार करून ठेवली. शीर्षक: 'अज्ञात' चित्रकाराला मिळाले नाव. पत्रक नाही, पत्रिका नाही, सगळे माझे. शेवटचे वाक्य: 'आपण रंगवलेला पडदा वाल्मिक पेंटर यांनी सपत्नीक प्रथमच उभा पाहिला, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले.' जयाला वाचून दाखवले.

"ते गेले का तिथं?"

"जातील ना. बैठक झाली की."

"मग पाणावतील का नाही हे तुला काय माहीत?"

या घरात प्रत्यक्षवादी एकच आहे, आणि ती पाठशाळेत गेलेली नाही.

१९ मार्च

रंगपंचमी. गल्लीतली मुले रंग घेऊन अण्णांच्या ओट्यावर जातात, दर वर्षीचे आहे. ते प्रत्येकाच्या गालावर बोटाने काहीतरी काढतात, कोणाला मासा, कोणाला सूर्य. आज दार बंद होते. शेजारी म्हणाले, काल दवाखान्यात हलवले, दम लागला. संध्याकाळी जाऊन आलो. नाकात नळी. मला पाहून एक बोट वर केले. मग दुसरे. मला वाटले पाणी हवे. रुपाली म्हणाली, "मोराचे पाय म्हणत असतील, काका."

मी म्हणालो, "अण्णा, पुढच्या आठवड्यात बैठक आहे."

त्यांनी डोळे मिटले. थकले असावेत.

२४ मार्च

वाल्मिकअण्णा काल गेले.

आज त्यांची बातमी लिहिली. 'दिवंगत' लिहायला बराच वेळ लागला. हर्षलने काही विचारले नाही. पान दोनवर घेतली, चौकटीत. मुलगा चांगला आहे.

२७ मार्च

मारियाचा मेसेज. समितीने नाव मंजूर केले.

मी तिला 'धन्यवाद' लिहिले. मग ते फार कोरडे वाटले म्हणून आणखी काही लिहायला घेतले. लिहिले तेवढे पुसले.

९ एप्रिल

लंकामावशींना घेऊन गेलो. तेरावा झाल्यावर त्याच म्हणाल्या, "बुधवारी न्या मला." रुपाली बरोबर होती. फोटोग्राफर नव्हता.

मावशींनी त्या फटीपाशी पायातल्या वहाणा काढल्या. मारिया म्हणाली, "आजी, राहू द्या, चालतं." त्या म्हणाल्या, "न्हाई, ते अनवाणीच चालायचे पडद्यावर." अंधाऱ्या उतारावर भिंतीवरून हात फिरवत चालल्या होत्या. फळ्यांच्या ठशांवर बोटे थांबत. कॅनच्या दालनात वर पाहून "देवा," एवढेच.

टोकाला पोचलो. दुपारचा उजेड होता. पडद्यामागे खाणीवर घारी फिरत होत्या. मावशी लांबच थांबल्या. मान वर, आणखी वर. पदर तोंडाला लावला.

"एवढा उंच हुता व्हय?"

मग तिथेच जमिनीवर मांडी घालून बसल्या, कनातीत पुढच्या रांगेत बसावे तशा. वॉचमन पुढे झाला. मारियाने त्याला हाताने थांबवले आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली. नवी पाटी लागली होती: वाल्मिक पेंटर, संगमनेर. पुढे जन्माचे साल आणि मृत्यूचे. सगळे बरोबर. मी दोनदा तपासले.

मावशींनी पाटीकडे पाहिलेही नाही. चंद्राकडे पाहत होत्या, मग पायऱ्यांकडे, मग मोराकडे. बऱ्याच वेळाने मारियाला विचारले, "बाई, आत यायला त्या पाटीवर नाव लागावं लागतं का आधी?"

"नाही हो, आजी. कुणीही येतं. बुधवारी तर तिकीटसुद्धा नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. खरोखरच कळत नाही म्हणून विचारावे, तसे म्हणाल्या,

"शास्त्री, तवा माझी शपथ आडवी आली. आता कशाची आली?"

मला चार प्रमाणे, पाच हेत्वाभास आणि त्यांचे पोटभेद येतात. मी पाटी तिसऱ्यांदा तपासली.

परत येताना रिक्षात मावशींनी रुपालीला सांगितले की मोर लांबून बघितला की दुसरा पाय पिसाऱ्यामागं असंल असंच वाटतं. चुकलं असं वाटत न्हाई. हे त्यांना सांगायला पायजे हुतं.

१० एप्रिल

हर्षलचा फोन. "सर, पाटीची बातमी देताय ना? तुमच्याकडे तयार होती म्हणालात."

तयार होती. डोळे पाणावल्याचे शेवटचे वाक्य काढले. बाकी एकही शब्द बदलावा लागला नाही.

थोड्या वेळाने त्याचाच मेसेज आला: बातमी जागेत बरोबर बसली.